शेपटीसाठी बाद

दमधरे हे काकूंचं आडनाव नव्हतं. ते गावानं दिलं होतं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काढली. छातीचा एक्स-रे काढताना श्वास रोखावा लागतो. पण 'श्वास रोखा' म्हटलं की म्हातारी माणसं गोंधळायची. मान ताठ करायची, डोळे मिटायची, श्वास मात्र चालूच. म्हणून काकू 'दम धरा' म्हणायला लागल्या. ते सगळ्यांना कळायचं. अर्ध्या गावानं कधी ना कधी त्यांच्यासमोर उघड्या छातीनं उभं राहून दम धरलेला आहे. बाजारात कोणी ओळख द्यायला लागलं की काकू त्याच्या चेहऱ्याकडे कोऱ्या नजरेनं बघायच्या. मग म्हणायच्या, "जरा वळा बरं. हां, आता ओळखलं. डावी बरगडी."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. साहित्यात एम. ए. केलं, आता छापखान्यात मुद्रितं तपासते. आमच्या वयात एका पिढीचं अंतर आहे, बहुधा जास्तच. मैत्री कशी झाली ते सांगता येणार नाही. जिन्यात झाली, एवढं आठवतं.

एक्स-रेची खोली तळघरात होती. खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे काकूंना आलेल्या माणसाच्या चपलांवरून कळायचं. एका वसंतात हॉस्पिटलच्या काचेच्या दारावर एक पक्षी आपटला. मुठीत मावेल एवढा, पाठ हिरवट, पोट पिवळसर. झाडूवाल्या मावशींनी तो कापसात गुंडाळून खाली आणला. जिवंत असेल तर मशिनमध्ये कळेल, असं त्यांना वाटलं होतं. तो गेलेला होता. बाहेर बाकावर कोणी पेशंट नव्हता. काकूंनी त्याला प्लेटवर ठेवून एक्स-रे काढला.

ती फिल्म मी पाहिली आहे. पंखांची हाडं म्हणजे पेन्सिलीच्या रेघा. कवटी म्हणजे साबणाचा फुगा. "एवढ्याशा काड्यांवर हे बेटं समुद्र ओलांडून येतं," काकू म्हणाल्या होत्या, "आणि आमच्याकडे धडधाकट माणसं लिफ्ट बंद म्हणून परत जायची."

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. लांब भिंगाचा. आयुष्यभर माणसांचे आतले फोटो काढले, एकही जण हसला नाही, आता बाहेरचं काढते, असं त्यांनी काकांना सांगितलं.

काका म्हणजे त्यांचे यजमान. ते विजेचे मीटर तपासायला दारोदार जायचे. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून पाठ गेली, जीभ शाबूत राहिली. त्या हिरव्या पक्ष्याला वटवट्या म्हणतात हे कळल्यावर ते म्हणाले, मग रानात कशाला जायचं, आरशासमोर बसून काढ की फोटो.

रान आमच्या गावाच्या कडेलाच आहे. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, पाणी शुद्ध करायच्या केंद्राच्या मागे. फार मोठं नाही. पण लांबचा पल्ला गाठणारे लहान गाणारे पक्षी वसंतात तिथे उतरतात, चार दिवस पोट भरतात, पुढे जातात. ते येतात तेव्हा झाडांना नुकती पालवी फुटलेली असते. पानं नखाएवढी असतात तोवर पक्षी दिसतो. पानं तळहाताएवढी झाली की नुसता आवाज. फोटो काढायचा तो या दोहोंच्या मधे. काकू त्याला 'फट' म्हणत. फट मिटायच्या आत कोणी लग्न ठरवू नये, कोणी घर बदलू नये, कोणी आजारी पडू नये, असा त्यांचा दंडक होता.

आजारी त्याच पडल्या.

फट नव्हती ती. थंडी सुरू होत होती. सकाळी ओट्यापाशी उभ्या होत्या, तिथेच कोसळल्या. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. बोलणं आलं, थोडं जड होऊन. उजवा हात आला नाही. तो मांडीवर पडलेला असायचा, पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीसारखा.

कॅमेऱ्याची एक गोष्ट तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती. तो उजव्या हातासाठी बनवलेला असतो. पकड उजवीकडे, बटण उजवीकडे. डावखुऱ्या माणसालाही त्यात सवलत नाही.

काकांनी कॅमेरा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तात्पुरता, म्हणाले. माळ्यावर गेलेली वस्तू किती तात्पुरती असते ते घरोघरी माहीत आहे. काकूंनी वसंत जवळ आल्यावर विषय काढला. काकांनी विचारलं, रानात पडलीस म्हणजे? तिथे कोण उचलायला येणार?

"पडले ते स्वयंपाकघरात," काकू म्हणाल्या. "मग आधी ते बंद करू या."

काका हसले नाहीत. ओट्यापाशी त्यांना उचलणारे तेच होते.

मग एका सकाळी काका बाजारात गेले असताना नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. काकूंनी त्याच्याकडून आधी माळ्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि मग नळ दाखवला. मी खाली गेले तेव्हा प्लंबर ओट्याखाली आडवा होता आणि काकू जेवणाच्या टेबलाशी बसून कॅमेरा निरखत होत्या.

लांब भिंगाला खालून एक कडं असतं, स्टँडवर बसवायला. कडं सैल केलं की कॅमेरा त्यात गोल फिरतो. फोटो आडवा हवा की उभा, त्यासाठी ती सोय. काकूंनी तो डाव्या हातानं फिरवत नेला. आडवा झाला, उभा झाला, त्या थांबल्या नाहीत. पार उलटा केला. आता पकड डावीकडे आली आणि बटण खाली गेलं. त्यांनी अंगठा खालून बटणावर टेकवला. खट् झालं. पहिला फोटो प्लंबरच्या तळपायांचा.

काका परत आले ते हातात पिशवी तशीच धरून दारात उभे राहिले.

"अगं, उलटा धरलायस."

"मी सुलटीच आहे," काकू म्हणाल्या.

भिंगातून बघताना सगळं सरळच दिसतं. फोटो मात्र कॉम्प्युटरवर उलटा येतो, कारण आपण डोक्यावर उभे आहोत हे त्या जुन्या कॅमेऱ्याला कळत नाही. घरी येऊन तो फिरवून घ्यायचा. एवढंच तर आहे, काकू म्हणाल्या. मला ते एवढंच अजूनही वाटत नाही.

पक्षी आले तसे आम्ही जायला लागलो. पहाटेच्या बसनं. काकू चाकांची पिशवी डाव्या हातानं ओढत. उजवा हात ओढणीच्या झोळीत. उतरताना मी पिशवीला हात लावला तर त्यांनी तो झटकला. "तुझं साहित्य तू सांभाळ," म्हणाल्या, "माझं मी सांभाळते."

एका पायाचा स्टँड त्या कमरेच्या पट्ट्यात खोचत आणि एखाद्या खोडाला पाठ टेकून उभ्या राहत. वटवट्या म्हणजे पाऱ्याचा थेंब. या डहाळीवर आहे म्हणेपर्यंत त्या डहाळीवर. उजवा हात धड असलेली माणसंही दिवसभर थांबून हात हलवत परत जातात. काकूंना रिकाम्या फांद्यांचे पुष्कळ फोटो मिळाले. ढगांचे मिळाले. माझ्या कानाचा एक मिळाला. काका घरी ते सगळे बघत आणि म्हणत, फांद्या मात्र एक नंबर आल्यात.

घरी इतर लोक वेगळं बोलत. काकू जिन्यातून पिशवी ओढत चढू लागल्या की दारं उघडत. काय जिद्द आहे हो तुमची, असं म्हणत. भेटायला आलेले नातेवाईक म्हणत. फिजिओथेरपिस्ट म्हणायचा. काकू मान डोलवायच्या आणि घरात येऊन दार जरा जोरात लावायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लहान पोरानं केलं तर हट्ट. बाईनं केलं तर आडमुठेपणा. आजाऱ्यानं केलं की जिद्द. काम करतेय असं कोणी म्हणेल का?"

त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. गावातल्या छायाचित्र मंडळाचं वसंत संपताना प्रदर्शन असतं. शाळेच्या सभागृहात. परीक्षक बाहेरगावचे येतात आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकेका फोटोवर निकाल देतात. नावं कागदाच्या पट्टीनं झाकलेली असतात. परीक्षक एक तर 'ठेवा' म्हणतात, नाहीतर 'बाद'. बाद झालेला फोटो तिथल्या तिथे भिंतीकडे तोंड करून ठेवतात. काकू दर वर्षी त्या रांगेत असत. कधी ठेवल्या गेल्या, बऱ्याचदा बाद झाल्या. या वर्षी त्यांना रांगेत असायचं होतं. बाकी काही नाही.

त्यासाठी फोटो हवा होता. पानं मोठी होत चालली होती.

तो मिळाला तेव्हा मी पलीकडे एका ओंडक्यावर बसून चहा ओतत होते. काही पाहिलं नाही. नुसतं खट् खट् खट् ऐकू आलं, मग शांत. काकू खाली चिखलात बसल्या होत्या. मला वाटलं, पडल्या. धावत गेले. त्या म्हणाल्या, "झालं."

कोवळ्या पानांचा झुबका. त्याला खालून लोंबकळणारा वटवट्या, डोकं खाली, शेपूट वर, दोन्ही पायांनी देठ पकडलेला. चोचीत हिरवी अळी, अर्धी अजून पानाला चिकटलेली. शेजारच्या पानाच्या टोकाला दवाचा एक थेंब, पडण्याच्या बेतात. त्या पक्ष्याच्या तोंडावर असा भाव होता, की मला आता सगळ्या जगानं दोन मिनिटं सोडावं.

काकूंनी घरी तो फिरवून घेतला, तपासला, खुल्या विभागासाठी, म्हणजे त्या रांगेसाठी, मंडळाकडे पाठवला. काका त्या दिवशी फांद्यांबद्दल काही बोलले नाहीत. चष्मा पुसून पुन्हा बघत बसले.

पुढचं मला नंतर कळलं. मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. भला माणूस. त्यांनी काकूंच्या घरी फोन केला, काकांनी उचलला. या वर्षी मंडळ एक खास सन्मान सुरू करतंय, त्यासाठी काकूंचंच नाव सगळ्यांच्या मनात आहे, असं सचिव म्हणाले. काका लगेच हो म्हणाले. काकूंना सांगू नका, आश्चर्याचा धक्का देऊ, असंही दोघांनी ठरवलं.

प्रदर्शनाच्या दिवशी काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघून उगाच हसत होते. काकूंनी मला हळूच विचारलं, यांना काय झालंय.

सभागृहात फोटो भिंतीच्या कडेनं रांगेत लावले होते. काकू रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या. त्यांचा फोटो रांगेत नव्हता.

तो दाराजवळ होता. वेगळ्या तिकाटण्यावर, भोवती रिबन. चौकटीच्या खालच्या कडेला डकवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात 'जिद्द'. त्याखाली काकूंचं नाव आणि आजारावर मात वगैरे तीन ओळी. आणि फोटोतला वटवट्या ताठ उभा होता. डोकं वर, शेपूट खाली, पानांच्या झुबक्यावर ऐटीत बसलेला.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. सचिव लगबगीनं आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"हा माझा फोटो नाही," काकू म्हणाल्या.

सचिव खाली वाकले आणि सावकाश, मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, काकू, तु-म-चा-च आहे.

"डॉक्टर, माझा हात गेलाय. कान नाही."

सचिव सरळ झाले. त्यांनी समजावून सांगितलं. फोटो आला तो उलटा होता. पक्षी डोक्यावर. काकू हल्ली कॅमेरा उलटा धरतात हे मंडळात सगळ्यांना माहीत, तेव्हा या वेळी फिरवायचा राहून गेला असणार. उगाच फोन करून कशाला ओशाळं करायचं, म्हणून त्यांनी स्वतःच सुलटा करून छापून घेतला. चौकटही त्यांनीच करून आणली.

"थेंब बघा," काकू म्हणाल्या.

सचिवांनी बघितलं. पानाच्या टोकाला थेंब होता. तो आभाळाकडे तोंड करून लोंबत होता.

"तुमच्या रानात पाणी वर गळतं का?"

भोवती चार माणसं जमली होती. त्यातलं एक खुसकन हसलं. सचिवांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चूक झाली, म्हणाले, मनापासून म्हणाले. पण आता छापून झालंय, पाहुणे निघालेत, आणि फोटो कसाही असला तरी सन्मान फोटोचा थोडाच आहे. तो तुमच्या जिद्दीचा आहे.

तेच त्यांनी बोलायला नको होतं.

काकूंनी पुढे होऊन चौकट डाव्या हातानं उचलली. खालच्या कडेला मांडीचा आधार दिला, वरच्या कडेला हनुवटीचा. मी पाऊल पुढे टाकलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पाऊल मागे घेतलं. चौकट घेऊन त्या रांगेकडे निघाल्या. रिबन मागे फरफटत होती. ती कोणाच्या तरी बुटाखाली सापडली आणि सुटली.

रांगेच्या शेवटी त्यांनी चौकट उलटी उभी केली. म्हणजे पक्षी पुन्हा लोंबकळायला लागला. पण अडकवायची कडी आता खालच्या बाजूला आली होती. खिळा वर, कडी खाली. ती भिंतीला लागेना. मग काकूंनी पायानं एक खुर्ची ओढली, तिच्यावर चौकट टेकवली, आणि खिशातला रुमाल काढून मागच्या बाजूला घडी करून सारला, घसरू नये म्हणून.

काका एव्हाना तिथे पोचले होते. लोकांसमोर बोलायची त्यांना सवय नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, मी हो म्हटलं होतं त्यांना. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

काकू त्यांच्याकडे वळल्या.

"मला विचारायचं होतंत की."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो ना?" काकू म्हणाल्या. "मग तुम्हाला ठाऊक होतं."

काका खाली बघायला लागले. त्यांच्या शर्टाची इस्त्री अजून कडक होती. मला त्यांची दया आली, आणि ती आल्याचं त्यांना कळू नये असं वाटलं.

सचिव नियम सांगत होते. खुल्या विभागाची वेळ संपली, नोंद नाही, नावावर पट्टी नाही. काकूंनी चौकटीला डकवलेला तो कागद ओढून काढला आणि नावासकट खिशात टाकला. आता नाव नाही, म्हणाल्या. आणि नोंद मी वेळेत केली होती, हलवली तुम्ही.

तेवढ्यात परीक्षक आल्या. उंच, हडकुळ्या, साखळीला बांधलेला चष्मा. कधी काळी रंगीत छपाईच्या कारखान्यात होत्या म्हणे. कोणाशी न बोलता त्या रांगेच्या पहिल्या टोकाला गेल्या आणि कामाला लागल्या. ठेवा. बाद. बाद. ठेवा. प्रत्येकाचं कारण एका वाक्यात. फोटोंची तोंडं भिंतीकडे वळत होती. कोणी कुरकुरलं तर त्या थांबून ऐकत आणि पुन्हा बादच म्हणत.

खुर्चीशी आल्यावर त्यांनी विचारलं, हे इथे का? सचिव पटकन पुढे झाले आणि त्यांच्या उजव्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजले. बराच वेळ कुजबुजले. हात हलवून दाखवला. काकूंचा चेहरा काळवंडला. इतकं करून शेवटी गोष्ट कानात गेलीच.

"कुजबुजायचं काय त्यात," काकू म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा, नाहीतर सांगूच नका."

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सचिवांकडे. "उजव्या कानानं मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "काही महत्त्वाचं होतं का?"

सचिवांनी मान हलवून नाही म्हटलं. काकूंनीही. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीसमोर गुडघे वाकवून बसल्या.

काकू डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून उभ्या होत्या. आजारी होत्या म्हणून नाही. निकालाची वाट बघणारं माणूस तसंच उभं राहतं.

"क्षण चांगला आहे," परीक्षक म्हणाल्या. "पोट जास्त उजेडानं पांढरं पडलंय, पिसं दिसत नाहीत. थेंब सुंदर आहे. पण फोटो थेंबाचा की पक्ष्याचा ते आधी ठरवा. आणि शेपटीचं टोक चौकटीबाहेर गेलंय. बाद."

"शेपूट पानामागे आहे," काकू म्हणाल्या.

फोटो कोणाचा हे गुपित असं उघडपणे फुटल्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

"पानामागे नाही," परीक्षक म्हणाल्या. "वरच्या कडेला कापली गेलीय."

"मी शेपटीसकट घेतला होता. मला माहीत आहे."

"मग इकडे या आणि दाखवा."

काकू गेल्या. त्या खुर्चीशी वाकल्या. दोघींची डोकी जवळजवळ एकमेकींना लागली. परीक्षकांनी नखानं कडेची एक जागा दाखवली. काकूंनी मान तिरकी केली, नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ नेलं. एक्स-रेवर केसाएवढी चीर शोधायची त्यांची नजर. ती त्या जागेवरून हललीच नाही.

"गेलीय," शेवटी म्हणाल्या.

"केसभरच गेलीय," परीक्षक म्हणाल्या. "पण गेलीय."

"केसभर काय आणि हातभर काय."

"तेच म्हणतेय मी."

काकूंनी मागचा रुमाल काढून घेतला. डाव्या हातानं चौकट फिरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. स्वतः. त्या सरळ झाल्या तेव्हा संतापलेल्या होत्या. शेपटीवर, स्वतःवर, त्या केसभर जागेवर. पडल्यापासून मी त्यांना इतकं टवटवीत पाहिलं नव्हतं.

त्यांच्या फोटोत कोणी चूक काढली नव्हती, कित्येक महिन्यांत. सगळे फक्त वाहवा करत होते.

खरा घोटाळा पुढे झाला. प्रमुख पाहुणे आले. व्यासपीठावर काचेची बक्षिसं मांडली होती आणि निवेदक मुलीच्या हातात छापील कार्यक्रम होता. तिला दुपारच्या भानगडीचं कोणी सांगितलं नसावं. तिनं गोड आवाजात वाचलं. यंदापासून सुरू होणारा जिद्द सन्मान. मग काकूंचं नाव. मग आजाराचं सविस्तर वर्णन. लोक टाळ्या वाजवायला लागले. काही जण उभे राहिले. पाहुणे काचेचा जड चषक दोन्ही हातांत धरून पुढे आले.

काकू उठल्या नाहीत.

टाळ्या लांबल्या, विरळ झाल्या, थांबल्या. मुलीनं नाव पुन्हा वाचलं. सचिव व्यासपीठाच्या कडेवरून काकांना खुणावत होते. त्यांना उठवा, निदान तुम्ही तरी या. काका उठले. मला वाटलं, झालं. ते आता वर जाणार आणि चषक घेऊन येणार, बायकोच्या वतीनं, डोळे पुसत.

काका उठले ते खाकरले. आणि म्हणाले, "त्यांचं त्यांना विचारा."

आणि बसले.

पाहुण्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू जागेवरूनच बोलल्या. जीभ जड होती, म्हणून सावकाश बोलल्या. प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मला आज शेपटीसाठी बाद केलंय. बाद झालेल्याला बक्षीस देत नाहीत."

मागून कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि दचकून थांबलं. परीक्षक पहिल्या रांगेत होत्या. त्या पाहुण्यांकडे बघून म्हणाल्या, बरोबर आहे, मीच केलं. पाहुण्यांनी चषक पुन्हा टेबलावर ठेवला. कार्यक्रम पुढे गेला.

परतीच्या बसमध्ये काकू काकांशी बोलल्या नाहीत. चौकट काकांनी मांडीवर धरली होती, पक्षी खाली डोकं करून. उतरताना काकूंनी हात पुढे केला. चौकटीसाठी की आधारासाठी, ते काकांना ठरवता आलं नाही. त्यांनी चौकट दिली. काकूंनी ती काखेत मारली आणि पुढे चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू आणि मी थांब्यावर गेलो तर तिथे काका उभे होते. हातात थर्मास. मी सहज फिरायला निघालोय, म्हणाले. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण बसमध्ये चढताना पिशवी मधेच थांबवली, त्यांना आधी चढू दिलं.

रानात पानं मोठी झाली होती. उभा आडवा हिरवा पडदा. आतून गाणं येत होतं, उंच, घाईचं, ठिकठिकाणाहून. पक्षी एकही दिसत नव्हता. फट मिटली होती, आणि ते काकूंना माझ्याआधी दिसलं असणार. त्यांनी खोडाला पाठ टेकली. स्टँड पट्ट्यात खोचला. कॅमेरा उलटा केला आणि आवाजाच्या दिशेनं वर नेला.

काकांनी थर्मासचं झाकण दोनदा उघडून लावलं. मग न राहवून म्हणाले, "काय दिसतंय?"

"पानं."

"मग?"

काकूंनी डोळा भिंगावरून काढला नाही.

"मग काय. शेपूट इथंच कुठेतरी आहे."